मधलं नाव

पाचाची नोट मी फळ्यावर टेपनं चिकटवली आणि विचारलं, "हा कोण?"

"दाढीवाला," साबळे म्हणाले.

"दाढी मलाही दिसतेय. नाव सांगा."

"लिंकन. गुलाम सोडवले यानं. एकावर वॉशिंग्टन, पहिला प्रेसिडेंट. मॅडम, उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केली मी. नोटा नका शिकवू, इंग्लिश शिकवा."

"तेच शिकवतेय. शंभरावर कोण?"

"फ्रँकलिन. हा प्रेसिडेंट नव्हताच, तरी सगळ्यांच्या वर जाऊन बसलाय. आमच्या डेपोतपण असा एक होता."

वर्ग हसला. वर्ग म्हणजे न्यू जर्सीतल्या एका लायब्ररीचं तळघर, डोक्यावर सतत गुणगुणणारी ट्यूबलाइट आणि अंगातला कोट न काढता बसलेली काही म्हातारी माणसं. मुलांनी इकडं आणलेली. नातवंडं सांभाळायला फुकटात मिळतात म्हणून आणलेली, असं मी म्हटलं की मराठी मंडळातल्या लोकांना राग यायचा. म्हणून मी मुद्दाम म्हणायचे. तो वर्ग बंद पडून आता बरीच वर्षं झाली, पण तेव्हाही माझं मत हेच होतं आणि आजही आहे.

या सगळ्यांना अमेरिकेचं नागरिक व्हायचं होतं. त्यासाठी सरकारी ऑफिसात मुलाखत असते. ऑफिसर राज्यघटना, काँग्रेस, अध्यक्ष असले प्रश्न इंग्रजीत विचारतो, एखादं वाक्य वाचायला लावतो, एखादं लिहायला लावतो. इथं वर्षानुवर्षं काढलेल्या म्हाताऱ्यांना इंग्रजीची सूट मिळते, पण माझ्या वर्गातल्या कुणाची तेवढी वर्षं भरलेली नव्हती. मी नोटांवरून शिकवायचे. चेहरा डोक्यात बसला की नाव बसतं, नाव बसलं की त्यानं काय केलं ते बसतं. ही पद्धत मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. मी दहावी नापास. इंग्रजी शिकले ती किराणा दुकानाच्या काउंटरवर, गिऱ्हाइकांची बोलणी खात. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी खवचटपणे "या प्रोफेसरबाई" म्हणायचं. त्यांनी 'या' म्हटलं की मी जायचे. त्यांच्यातला एकही डॉक्टरेटवाला त्या तळघराच्या पायऱ्या उतरायला तयार नव्हता.

"बाई," मागून सुशीलाबाई म्हणाल्या. त्या सहसा बोलायच्या नाहीत. "बाईमाणूस कंच्या नोटेवर हाय?"

"एकाही नाही."

"एक बी न्हाई?"

"नाही. सगळे बाप्ये." मग मला आठवलं. पर्सच्या तळाशी एक डॉलरचं सोनेरी नाणं पडलेलं होतं. ते फारसं चालत नाही, काउंटरवर कुणीतरी दिलं तेव्हा मी गंमत म्हणून आपल्याकडं ठेवलं होतं. ते मी त्यांच्या हातावर ठेवलं.

त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं. "ही कोण? पाठीला लेकरू बांधून कुठं निघालीया?"

"सॅकाजवीया. इथल्या मूळच्या लोकांतली. पोरसवदाच होती. सरकारनं पश्चिमेकडं वाट काढायला माणसं पाठवली, त्यांच्याबरोबर ही तान्हं पोर पाठीशी घेऊन चालत गेली. परत आल्यावर बरोबर गेलेल्या नवऱ्याला पैसे मिळाले, जमीन मिळाली. हिला काही नाही."

"नवऱ्याचं चित्र हाय का हितं?"

"नाही."

"ब्येस झालं," सुशीलाबाई म्हणाल्या आणि नाणं परत द्यायच्या आधी अंगठ्यानं पुसलं. मी म्हटलं, ठेवा तुम्हालाच.

वर्गात त्यांच्याइतकं पाठांतर कुणाचं नव्हतं. माण तालुक्यातल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. पण काँग्रेस म्हणजे काय, सुप्रीम कोर्ट काय करतं, सगळं तोंडावर. तरी त्या एकदा नापास होऊन आल्या होत्या, आणि तेही प्रश्नांपर्यंत न पोचता. ऑफिसरनं शपथ दिली आणि पहिलंच विचारलं, पूर्ण नाव सांगा. "सुशीला धायगुडे," त्या म्हणाल्या. पूर्ण, मधलंसुद्धा, तो म्हणाला. गप्प. नवऱ्याचं नाव काय? गप्प. त्यानं सावकाश, मोठ्यानं विचारलं, बहिऱ्या माणसाला विचारतात तसं. गप्पच. मग बाईंना इंग्रजी कळत नाही असं ठरवून त्यानं मुलाखत संपवली. दुसरी संधी मिळते. ती शेवटची. तिच्यातही नापास झालं की अर्जच फेटाळतात.

मला कारण सांगायला लागलं नाही. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'आमचे हे' नाहीतर 'धनी' म्हणत जन्म काढतात. सुशीलाबाई त्यातल्या टोकाच्या. नवऱ्याचं नाव मारुती, तर मारुतीच्या देवळालाही त्या हनुमंताचं देऊळ म्हणायच्या. 'आमचे हे'सुद्धा कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. अगदीच अडलं तर 'विलासचा बाप'.

मला चीड यायची. नवऱ्याची राख होऊन जमाना लोटला आणि ही बाई सातासमुद्रापार त्याचं नाव सोवळ्यात ठेवतेय. मी माझ्या नवऱ्याचं नाव कोर्टात पुन्हापुन्हा घेऊनच घटस्फोट मिळवला होता. माझी जीभ काही झडली नाही.

म्हणून एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. मुलगा विलास औषधांच्या कंपनीत मोठ्या जागेवर होता. बैठकीत टीव्हीच्या वर बापाचा फोटो. फेटा, मिशा, चंदनाचा हार. शेजारी एक पितळी ढाल, तिच्यावर दोन बैल कोरलेले, लखलखीत घासलेली.

"दादांची," मी बघतेय म्हटल्यावर विलास म्हणाला. "बैलगाडीच्या शर्यतीत पहिला नंबर. पंचक्रोशीत नाव होतं त्यांचं. मी जन्मायच्या आधीची आहे. मी स्वतः पॉलिश करतो. आई हात लावत नाही, तिचं काहीतरी शिवाशिवीचं असेल."

"विलास, आईंना समजवा. मुलाखतीत नाव घ्यावं लागेल."

"समजावून थकलो, ताई. गावात आजही तिचं उदाहरण देतात. हळदीकुंकवाला बायकांनी उखाण्यासाठी हाताला धरून ओढली, तरी तोंड उघडलं नाही तिनं. माझी आजी नव्या सुनांना सांगायची, हिच्याकडं बघून शिका." हे सांगताना त्याची छाती फुगली होती. मग त्यानं आवाज उतरवला. "पण आता बास. परत अर्ज, परत फी, परत वकील, माझ्याच्यानं होणार नाही. या खेपेला झालं तर झालं. नाहीतर तिनं गावी जाऊन राहावं. आप्पा आहेत तिथं, दादांचे भाऊ. दादांचंच तर घर आहे."

स्वयंपाकघराच्या दारात सुशीलाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"त्या घरात मी जायची न्हाई," त्या म्हणाल्या.

"मग नाव घे," विलास म्हणाला.

मी चहा तसाच ठेवून निघाले. पुढचे दिवस मला बसवत नव्हतं. काउंटरवर एकाचं सामान दुसऱ्याच्या पिशवीत घालत होते. वर्गात फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून फळ्यापर्यंत येरझाऱ्या घालायचे. साबळे म्हणाले, "मॅडम, बसा. तुमच्यामुळं आम्हाला गाडी लागतीय."

मुलाखतीच्या आधीच्या वर्गात त्या साबळेंनीच युक्ती काढली.

"हे बघा, बायका नुसतं नाव घेत नाहीत, पण उखाण्यात घेतात का नाही? मग उखाणाच करू." ते उठले, गळा साफ केला आणि तिकीट-तिकीट म्हणायच्या आवाजात म्हणाले:

"एकावर वॉशिंग्टन, पाचावर लिंकन उभा,
मारुतरावांचं नाव घेते, सिटिझन व्हायची द्या मुभा."

"उभा कुठंय? नुसतं मुंडकं आहे," कुणीतरी म्हणालं.

"मुंडक्याला जुळणारं तुम्ही करा मग."

सगळे टाळ्या पिटत हसले. मीही हसले. खरं तर मला ते पटलंच होतं. मी सुशीलाबाईंना म्हटलं, "मावशी, म्हणून बघा की. ऑफिसरला काय कळणारे. तुम्ही उखाणा म्हणायचा, त्याला त्यातलं नाव तेवढं ऐकू जाईल."

सुशीलाबाई उठल्या. कोटाचं वरचं बटण लावलं आणि कुणाकडं न बघता पायऱ्या चढून गेल्या.

मी तशीच मागं धावले, कोटाशिवाय. बाहेर पार्किंगमध्ये बर्फाचे काळपट ढीग, रस्त्यावर टाकलेलं मीठ बुटाखाली करकरत होतं.

"मावशी, थांबा. तुमच्यासाठीच चाललंय हे."

"कळतंय की मला."

"मग? एक शब्द आहे. तोंडातनं बाहेर टाकायचा आणि मोकळं व्हायचं. असला कसला पतिव्रतापणा? मेलेल्या माणसाचा एवढा मान?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखादं मूल भलतंच काही बोललं की बघतात तसं.

"मान," त्या म्हणाल्या आणि बुटानं बर्फाचा ढीग उगाच टोकरला. मग म्हणाल्या, "तुमी लई चांगलं शिकवता, बाई. तेवढं एक सोडून काय बी विचारा."

मी पेटलेली. म्हटलं, विचारतेच. "राज्यघटनेचे पहिले तीन शब्द?"

"वुई द पीपल."

"पहिल्या दुरुस्तीतला एक हक्क सांगा."

"स्पीच."

"म्हणजे बोलायचा हक्क. आणि तुम्ही बसताय गप्प."

"गप बसायचा बी आसंल की कुठंतरी," त्या म्हणाल्या आणि विलासच्या मोटारीची वाट बघत उभ्या राहिल्या.

मुलाखतीच्या दिवशी विलासची मीटिंग निघाली. आईची शेवटची संधी, आणि याची मीटिंग. मी दुकानात रजा टाकली आणि त्यांना घेऊन निघाले. आभाळ राखेच्या रंगाचं. पुढचे ट्रक काचेवर चिखल उडवत होते आणि माझे वायपर तो नुसता सारवत होते. सुशीलाबाईंची उजवी मूठ आवळलेली होती. तिच्यात ते नाणं असणार हे मला ठाऊक होतं.

"बाई, एक विचारू?"

"विचारा."

"शिटिझन हुताना नाव बदलून मिळतं म्हनं."

"मिळतं. ऑफिसर विचारतो, तेव्हा त्याला सांगायचं. मग शपथ कोर्टात होते आणि जज नवीन नाव मंजूर करतो."

"कंचं बी?"

"कुठलंही."

"मधलं काढून टाकता येतं?"

माझा पाय गॅसवरून उठला. मागच्यानं हॉर्न मारला.

"मावशी, तुम्ही यासाठी परीक्षा देताय?"

"मग काय त्या वॉशिंग्टनसाठी?"

मी पहिल्या फाट्याला हायवे सोडला आणि एका पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी उभी केली. वेळ होता. त्यांनी समोरच्या काचेकडं बघत सांगितलं. आवाज कुठं चढला नाही की उतरला नाही.

"माझी पयली पोर, रतन. विलासच्या आदीची. दुडूदुडू पळायची, बोलाया लागली हुती. सकाळी ताप चढला, दुपारी डोळं फिरवाया लागली. डाक्टर म्हसवडला. मी म्हनलं, गाडी जुंपा. त्यो माणूस म्हनला, उद्या शर्यत हाय, बैलं दमत्यात. त्येंना दूध-अंडी चाललं हुतं. पोरगी तिथंच घोंगड्यावर. मग मी तिला पाठीला बांधली आन निघाले चालत. उनाचं. पोरगी वाईच बोलत हुती. ओढा वलांडला तवर पाठ कढत लागत हुती. मग गार लागाया लागली."

पंपावरचा माणूस खिडकीशी आला. मी हातानंच त्याला नको म्हटलं.

"आणि शर्यत?"

"केली की. पयला आला. ढाल आनली वाजतगाजत. आमी पोरीला पुरून आलो आन अंगणात गुलाल. त्याच दिवशी मनाशी म्हनलं, ह्याचं नाव ह्या तोंडात यायचं न्हाई. कुनाला सांगितलं न्हाई. लोकं म्हनाया लागली, किती गुनाची, नवऱ्याचं नाव घेत न्हाई. मी म्हनू दिलं. काय करनार. पर सगळीकडं त्योच. रेशनकार्डावर त्यो, पासपोर्टावर त्यो, दवाखान्यात त्यो. माझ्या नावाच्या मधी मांडी घालून बसलाय."

मी वायपर बंद केले.

"सुशीला बी त्येंनीच ठेवलं," त्या म्हणाल्या. "लग्नात ताटात तांदूळ पसरले आन अंगठीनं लिवलं. मी चांगुणा."

"मावशी," मी शेवटी म्हटलं, "पण आधी तो जुनं नाव विचारणार. शपथेवर. ते पूर्ण सांगितल्याशिवाय नवं मिळत नाही."

"ठावं हाय. त्याच्यातनंच वाट हाय ती."

मी गाडी सुरू केली.

ऑफिसात खुर्च्या, झेंडा, आणि भिंतीवरचं घड्याळ. एका तरुण ऑफिसरनं दार उघडून त्यांचं नाव पुकारलं, तिन्ही शब्द मोडूनतोडून. सुशीलाबाई आत गेल्या. दार बंद झालं. मी उठले, बसले, परत उठले. गार्ड म्हणाला, मॅडम, कृपा करून बसा. मी म्हटलं, नाही बसत. तो माझ्याकडं बघत राहिला आणि मी झेंड्यापासून दारापर्यंत फिरत राहिले. मला एकच दिसत होतं, की त्या पुन्हा गप्प बसल्या आहेत. आणि पहिल्यांदाच मला वाटत होतं की बसल्या तरी बरोबरच आहे. पण मग ते गाव, ते घर, ते आप्पा.

दार उघडलं. त्या बाहेर आल्या त्या ओठ घट्ट मिटून. माझ्याकडं बघितलंही नाही. सरळ पाण्याच्या नळाशी गेल्या, तोंड भरून पाणी घेतलं, काचेचं दार ढकलून बाहेर पडल्या आणि बर्फावर चूळ टाकली. परत आत आल्या, परत पाणी घेतलं, परत बाहेर. गार्ड काही म्हणायला लागला. मी त्याला म्हटलं, बाईला जरा श्वास घेऊ दे.

पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, "झालं. पास."

"घेतलं?"

"घेतलं. एकदाच. त्याला नीट कळलं न्हाई, म्हनला परत सांगा. मी म्हनलं, यू हॅव पेपर, यू रीड."

मला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. "आणि प्रश्न?"

"समदे बरोबर. लिवायला काय आलं सांगू? वॉशिंग्टन इज ऑन द डॉलर बिल." त्यांनी मूठ उघडली. नाण्याचा वळ तळहातावर उमटला होता. "ही आली आसती तर बरं झालं आसतं."

"नवं नाव काय सांगितलं?"

"आडनाव ऱ्हाऊ दिलं. ते विलासचं बी हाय."

"आणि बाकीचं?"

"कोर्टात ऐका," त्या म्हणाल्या.

शपथविधीला विलास सूट घालून आला, हातात फुलांचा गुच्छ. आईनं अखेर दादांचं नाव घेतलं याचा त्याला कोण आनंद. "सांगत होतो ना, जमेल तिला," तो मला म्हणाला. "गावी फोन केला. आप्पांना गहिवरून आलं." ते माझं सांगायचं काम नव्हतं.

सगळ्यांनी हात वर करून शपथ घेतली. मग एक क्लार्क बाई उठली आणि ज्यांनी नाव बदललं होतं त्यांची नवी नावं वाचू लागली. एक पोलिश नाव, एक चिनी. मग ती जरा अडखळली, चष्मा वर सरकवला आणि अक्षर-अक्षर लावत म्हणाली, "चांगुणा रतन धायगुडे."

विलासनं मागं वळून बघितलं. आपल्या आडनावाचं इथं आणखी कोण आलंय, ते बघायला.

त्याच्या शेजारची खुर्ची वाजली. त्याची आई उठली, निऱ्या सारख्या केल्या, आणि रांगेतून वाट काढत पुढं गेली. जजनं तिचा हात हातात घेतला. तिनं कागद घेतला, छोटा झेंडा घेतला आणि जशी गेली तशी परत आली. खांदे ताठ. पाठीवर काही आहे आणि ते पडू द्यायचं नाही, असं चालणं.

विलासच्या हातातली फुलं खाली झुकली होती. "आई, हे काय? दादांचं नाव कुठं गेलं?" आणि मग, हळू, "रतन कोण?"

तिनं कागद घडी न करता पिशवीत सरळ ठेवला.

"घरी चल," ती म्हणाली. "आदी ती ढाल खाली काढ. मग सांगते."